मधल्या नावाचा पाव्हणा

मामी, एक गोष्ट तुम्हाला विचारायची राहूनच गेली. तुम्ही होता तेव्हा ती कितीतरी वेळा माझ्या ओठांपर्यंत आली आणि दर वेळी तुम्ही माझ्या हातात सूप नाहीतर घागर दिली. "आधी एवढं कर, मंग विचार." ते 'एवढं' कधी संपलंच नाही. आता तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले. जाताना जो तो मला धीर देऊन गेला, मी मान हलवत राहिले. पण खरं सांगू? रडण्याच्या मधल्या मधल्या वेळात माझ्या डोक्यात तोच एक किडा वळवळत असतो. तुमच्या लेकाचं नाव तुम्ही मनात काय ठेवलं होतं?

उकंडा हे म्हणत नाही मी. ते तर पंचक्रोशीला ठाऊक आहे. आमच्या भंडाऱ्याला शिकलेसवरलेले लोक ज्याला उकिरडा म्हणतात त्याला इथे उकंडा म्हणतात, जसं सासूला मामी, आणि शेणाकेराच्या त्या ढिगाचं नाव तुम्ही पोटच्या पोराला लावलं. माझं लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याचं नाव ऐकून माझ्या मैत्रिणी पोट धरधरून हसल्या होत्या. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा नियम मला त्या दिवसापासून फार शहाणपणाचा वाटायला लागला. आजतागायत मी ते तोंडानं घेतलेलं नाही. हे लिहिते आहे, कारण लिहू नये असं कोणी सांगितलेलं नाही.

उखाण्याचा प्रसंग आठवतो का? नवी सून म्हणून साऱ्या बायका मला घेरून बसल्या होत्या. शहरातली पोरगी या नावाला यमक कुठून आणते ते बघायला सगळ्यांनी पदर तोंडाला लावून तयारी ठेवली होती. माझे कान तापले होते. तुम्ही आतून आलात, माझा दंड धरलात आणि म्हणालात, तिला भूक लागली आहे, खेळ पुरे. मला भूक नव्हती. तरी मी गपगुमान उठले आणि तुम्ही वाढलेला भात खाल्ला.

त्याच्याही आधी, लग्नात, ताटात तांदूळ पसरून माझं नवं नाव लिहायची वेळ आली. माझ्या मोठ्या बहिणीचं नाव तिच्या सासरी बदललं होतं आणि कितीतरी दिवस तिला कोणी हाक मारली की ती उठायचीच नाही. मीही मनाची तयारी केली होती. तुमच्या लेकानं अंगठी हातात घेतली, नवं नाव काय ते विचारलं, आणि तुम्ही म्हणालात की आहे तेच लिही. भटजी बिचारे गोंधळले. तुम्ही त्यांना म्हणालात, "जे नाव घेऊन पोरगी एवढी जगली, ते कायले बदलवाचं?" म्हणून मी आजही सुशीलाच आहे. सासू म्हणजे काय चीज आहे हे मला कळेना. आई नसलेल्या पोरीला तुम्ही पहिल्याच दिवशी तिचं नाव परत दिलंत. का दिलंत हे कळायला पुढची काही वर्षं जावी लागली.

तुमच्या लेकाचं मात्र उलटं होतं. ते भंडाऱ्याला शिकले, मास्तर झाले, सौंदडजवळच्या शाळेत लागले, आणि जिथे जातील तिथे स्वतःचं नाव लपवत राहिले. सगळ्यांना 'यू. टी. मास्तर' म्हणूनच माहीत. यू म्हणजे काय असं कोणी विचारलं की घाईघाईनं दुसराच विषय काढायचे. लहानपणी पोरं त्यांना बघून नाक दाबायची, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि पुन्हा कधी काढलं नाही. मी म्हटलं, आता तर तीच पोरं मोठी होऊन तुम्हाला रामराम करतात. ते म्हणाले की रामराम करताना त्यांचा हात नाकाकडे तर जात नाही ना, हे मी अजून बघतो.

मग आमची वत्सला झाली. धानाची रोवणी चालू होती, बांध्या पाण्यानं भरल्या होत्या. माहेरी करणारं कोणी नव्हतं म्हणून बाळंतपण तुमच्या हाताखालीच झालं. तुमचे हात किती खरखरीत होते, मामी, आणि त्या हातांनी पोरीला तेल लावताना तुम्ही किती हलक्या व्हायच्या! मला मात्र दमात घ्यायच्या. पाणी कमी पी, डोक्याला बांध, खिडकीत बसू नको. तुम्ही त्या दिवसांत रोवणीला गेल्या नाहीत. गावात कोणी विचारलं तर सांगायच्या की भंडाऱ्याची पंडितीन एकटी राहिली तर पोरीला पुस्तक वाचून दाखवेल आणि दूध पाजायचं विसरेल.

पोरीचं नाव वत्सला, यावर कोणाचं भांडण नव्हतं. भांडण मधल्या नावाचं झालं. कोतवाल गावातल्या जन्माची नोंद घ्यायला आला. तुमच्या लेकाबरोबर चिंचेवर चढून मोठा झालेला माणूस. ओसरीवर बसून मलाच विचारतो, पोरीच्या बापाचं नाव काय? मी म्हटलं, तुला माहीत नाही का? म्हणाला, "मले ठाऊक आहे वो वहिनी, पन विचारा लागते." मी तोंड मिटून बसले. तेवढ्यात तुमचा लेक शाळेतून आला, सायकल टेकवली आणि अगदी सहज, जणू रोजचंच असल्यासारखं म्हणाला, लिही, वत्सला उमाकांत.

मी चमकून पाहिलं. कोतवालानं पेन्सिल कानावर ठेवली. तुम्ही आत चुलीपाशी लाखोरीची डाळ निवडत होता. तिथूनच तुमचा आवाज आला.

"उमाकांत कोन होय?"

ते म्हणाले, मीच. आजपासून मी. 'उ' तसाच राहतो, सहीसुद्धा बदलावी लागत नाही, नीट विचार करून ठरवलं आहे. तुम्ही बाहेर आलात, त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, "मी नाई ओरखत त्याले." एवढं बोलून परत डाळ निवडायला बसलात. कोतवाल म्हणाला की रोवणी उरकल्यावर येतो. शहाणा माणूस.

पुढे तुम्ही जे केलंत ते आठवलं की आज या दुःखातसुद्धा मला हसू येतं. ते जेवायला आले की तुम्ही पाट मांडायच्या, तांब्या भरून ठेवायच्या, डोक्यावरचा पदर पुढे ओढायच्या आणि म्हणायच्या, "या पाव्हणे, बसा. कोन्या गावचे?" पहिल्या दिवशी ते हसले. दुसऱ्या दिवशी हसले नाहीत. तुम्ही मात्र पाहुण्याला वाढतात तसं आग्रह करकरून वाढायच्या, भातावर दोनदा तूप. उमाकांतरावांच्या घरी धान कसं आहे, पाऊसपाणी काय म्हणतंय, हे सगळं विचारायच्या. माझ्या पोटात हसू मावायचं नाही, पण हसलं की अंग दुखायचं म्हणून मी भिंतीकडे तोंड करून बसायची. शेवटी एकदा त्यांनी ताटावरून उठून सांगितलं की ही थट्टा पुरे, भूक मेली. तुम्ही म्हणालात की थट्टा कोण करून राहिलं आहे, पाव्हण्याची कोणी थट्टा करते का?

मग त्यांनी तुमच्याशी मास्तरी वाद घातला. म्हणाले, हा सगळा मुलूख बघ. आधी त्याचं नाव सी. पी. होतं, मग मध्य प्रदेश झालं, आता आपण मुंबई राज्यात आहोत, आणि पुढे आणखी काही होईल असं बोलतात. एवढी झाडं, नद्या, डोंगर घेऊन मुलूख नाव बदलतो, तर मी एकट्यानं बदललं तर काय आभाळ कोसळतं? मला वाटलं आता तुम्ही हरलात. तुम्ही सूप आपटलंत आणि म्हणालात, "मुलखाले माय नसते."

मी मध्ये पडले. म्हटलं, बरं, उमाकांत नको, पण निदान आहे त्या नावाला 'राव' तरी लावू. कागदावर जरा बरं दिसेल. त्यांनाही ते अर्धंमुर्धं पटलं होतं. तुम्ही सरळ माझ्याकडे वळलात. "उकंड्यावर जरीची टोपी कायले ठेवता?" म्हणालात. ते चिडून म्हणाले की मग नुसतं 'उ' लिहितो आणि पुढे टिंब देतो, बस्स. यावर तुम्ही जेवल्याच नाहीत.

तेव्हा मला कळलं की हा हट्ट साधा नाही. तुम्ही कशाहीसाठी जेवण सोडणाऱ्या बाई नव्हता. भात हा रुसायचा विषय नाही असं तुम्हीच मला शिकवलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेल्यावर, वत्सला मांडीवर झोपली असताना, मी तुम्हाला सरळ विचारलं. आणि नवल म्हणजे तुम्ही मला कुठलंच काम सांगितलं नाही. धान कांडून ठेवलेलं होतं, तुम्ही त्यातला कोंडा मुठीत घेतलात आणि तो बोटांतून परत टोपलीत सोडत सोडत बोलत राहिलात.

ह्यांच्या आधी तुम्हाला तीन लेकरं झाली होती. तिघांची नावं तुम्ही हौसेनं ठेवली होती, देवादिकांची, गोड गोड. एकही चालायला लागलं नाही. चौथ्या वेळी तुमची सासू म्हणाली की तुझ्या हाताला लेकरू राहत नाही, तुझं म्हटलं की मरण त्याला शोधत येतं. मग हा मुलगा झाला तेव्हा त्याला घरात घेतलंच नाही. आंघोळ घालून सरळ मागच्या उकंड्यावर ठेवलं. सोमारीबाई, जंगलाकडच्या टोल्यावर, त्या चार घरांच्या वस्तीत राहणारी, मोहफुलं वेचणारी गोंडाची बाई, तुमच्या वयाची, ठरल्याप्रमाणे तिथून जात होती. तिनं ओरडून विचारलं, हे कोणाचं? कोणी उत्तर द्यायचं नव्हतं. मग तिनं पोराची किंमत म्हणून मूठभर कोंडा तुमच्या पदरात टाकला, पोर सुपात उचललं, उकंड्यावर मिळाला म्हणून त्याला उकंडा म्हटलं, आणि दूध पाजायला म्हणून तुमच्याकडे ठेवून गेली. पोर तिचं झालं. तुम्ही नुसत्या दाई.

हे सगळं मी थोडंफार ऐकून होते, मामी. अशी पोरं गावोगाव आहेत, कोणी दगडू, कोणी कचरू. आमच्या भंडाऱ्यातही आहेत. मला नवीन होतं ते पुढचं. अशी दिलेली लेकरं लग्नाच्या वेळी परत घेतात. कोंडा परत करायचा, पोर परत घ्यायचं, सगळे हसतात, गोड खातात आणि सगळं संपतं. तुम्ही परत घेतलंच नव्हतं. लग्नात सोमारीबाई ओसरीवर येऊन बसली होती, ते मलाही आठवतं. मला वाटलं कामाला आली असेल. दर वर्षी नवं धान निघालं की पहिलं सूप तिच्या घरी जायचं, त्यालाही मी दानधर्म समजत होते.

आणि मग मला तुमच्या लेकाचं खरं दुखणं कळलं. नाव हे वरवरचं होतं. मी त्यांना हे सगळं सांगायला गेले तर म्हणाले की कोंड्याचं मला लहानपणापासून माहीत आहे, त्याचं काही नाही. मग काय आहे? त्यांनी सायकलची घंटी पुसायला घेतली. मग म्हणाले, "सगळ्यांच्या माया म्हनत, माहा राजा, माहा सोन्या. माही माय म्हने, सोमारीचा पोट्टा, ये जेवाले. एकदा तरी 'माहा' म्हनावं तिनं." शाळेत शुद्ध बोलणारा माणूस, मामी, पण हे बोलताना तुमच्याच बोलीत बोलला. मी तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. आज सांगते आहे.

तुम्ही म्हणालात की नाव माझं नाही, त्याचंही नाही, जिनं उचललं तिचं आहे, तिला विचारा. म्हणून ते रविवारी सायकल काढून टोल्यावर गेले. संध्याकाळच्या आत परत आले. सोमारीबाईनं त्यांना आंबील पाजली होती आणि म्हटलं होतं की नावाचं माझ्याकडे काही नाही, खुशाल बदल, पण आधी तुझ्या मायला सांग की तुला परत घे. मी कधीची देऊन राहिली आहे, तीच घेत नाही. बारशाला मी येते आणि देऊन टाकते. हे सांगताना तुमच्या लेकाचा चेहरा मी पाहिला. उमाकांत मिळणार म्हणून तो आनंद नव्हता. दुसऱ्याच कशाचा होता.

बारशाच्या दिवशी सोमारीबाई आली. हिरवं लुगडं, हातभर गोंदण, पदराच्या टोकाला कोंड्याची गाठ. पाळण्याजवळ बायका गात होत्या. तिनं गाठ सोडली, तुमच्यासमोर बसली आणि म्हणाली, धर हा कोंडा, मला परत दे आणि तुझा पोट्टा घे. किती सोपं होतं! हात पुढे करायचा होता फक्त. तुमचा लेक दारात उभा होता. कोतवालही जेवायला म्हणून आला होता, त्याच्या पिशवीत नोंदीचं पुस्तक होतं.

तुम्ही दोन्ही हात पाठीमागे नेलेत. लहान पोर औषध नको म्हणून करतं तसे.

"मी नाई घेत," तुम्ही म्हणालात. "तीन घेतले होते ह्याच हातानं."

गाणं थांबलं. पाठीमागे तुम्ही एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट आवळून धरलं होतं. मी तुमच्या मागेच बसले होते, म्हणून मला दिसलं, आणि दारातून त्यांनाही दिसलं असणार. एवढा थोरला मास्तर झालेला, मिशा फुटलेला, स्वतः बाप झालेला माणूस, आणि तुम्हाला वाटत होतं की तुम्ही 'माझा' म्हटलं की तो मरेल. इतकी वर्षं तुम्ही तो शब्द गिळून ठेवला होता. त्याला वाटत होतं की आईला तो आपला वाटत नाही.

ते दारातून आत आले नाहीत. कोतवालाकडे वळून म्हणाले, "लिही गा."

कोतवालानं विचारलं, काय लिहू? उमाकांत, का राव, का नुसता 'उ'?

"माय ज्याले ओरखते त्याचं नाव लिही."

कोतवालानं लिहिलं. वत्सला उकंडा. राव नाही, टिंब नाही. तुम्ही तेव्हा पाठीमागचे हात पुढे घेतलेत, पदरानं तोंड पुसलंत आणि बायकांना म्हणालात की तोंडं काय बघता, गा. मग पाळण्यावर वाकून पोरीच्या कानात तुम्ही काहीतरी सांगितलंत. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, पण आमच्या घरी आत्या नव्हतीच, म्हणून तुम्ही वाकलात. पण मामी, 'वत्सला' म्हणायला एवढा वेळ लागत नाही. तुम्ही दोन नावं सांगितलीत असं मला त्याच क्षणी वाटलं. तुम्ही सरळ झालात तेव्हा डोळे ओले होते आणि मी विचारायच्या आत तुम्ही मला पानं मांडायला पाठवलंत.

त्या दिवसानंतर पाटावरचा पाव्हणा गेला. तुम्ही परत म्हणायला लागलात, सोमारीचा पोट्टा, ये जेवाले. आणि ते यायचे. पण आता ते ऐकताना ते मान खाली घालून हसायचे, हे तुम्ही पाहिलंत का? मी पाहत होते. तुम्ही दोघं एकमेकांशी यावर एक शब्द बोलला नाहीत. मला वाटायचं दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावावी. तुम्ही दोघंही हट्टी, एकाच ढोलीत साठवलेलं धान.

वत्सला चालायला लागली तेव्हा तुम्ही तिच्यामागे अंगणभर वाकून फिरायच्या. तिला मात्र तुम्ही बिनधास्त 'माही बाई' म्हणायच्या. कुठेही, कोणासमोरही. मला गंमत वाटायची. नातीला 'माझी' म्हणायची भीती नाही आणि लेकाला आहे, हा कसला हिशेब? एकदा मी ते तोंडावर विचारलं. तुम्ही म्हणालात की ती सोमारीच्या पोट्ट्याची पोरगी आहे, माझ्या नशिबाचा तिच्याशी काय संबंध? म्हणजे तुम्ही तिला पळवाटेनं आपली करून घेतली होती. मी त्या दिवशी तुमच्या हुशारीला मनातल्या मनात नमस्कार केला.

आणि या पौषात, धान घरात आल्यावर, तुम्ही गेलात. फार आजारी नव्हता. सकाळी अंग दुखतं म्हणालात, ऊन चढेपर्यंत होत्या, मग नव्हत्या. ते सगळं मला लिहायचं नाही. मला अंगणातलं लिहायचं आहे, कारण ते तुम्ही पाहिलं नाहीत आणि ते तुमच्यासाठीच होतं.

तुम्हाला तिरडीवर ठेवलं होतं. माणसं उचलायला वाकली तेवढ्यात सोमारीबाई आली. आता ती फार वाकली आहे, काठी घेऊन टोल्यावरून चालत आली होती. ती म्हणाली, थांबा रे. तिच्या पदराला तीच गाठ होती. ती सोडून तिनं मूठभर कोंडा तुमच्या उजव्या हातावर ठेवला, तुमची बोटं स्वतःच्या हातानं मिटली, मग परत उघडली आणि कोंडा आपल्या पदरात घेतला. तुमच्या लेकाचा हात ओढून तुमच्या हातात दिला.

"घे वो भागरथा," ती म्हणाली. "आता कायचा भेव? घे तुहा पोट्टा."

ती म्हणाली की तुम्हीच तिला सांगून ठेवलं होतं. लेकरं माझ्या नशिबानं जातात, मी गेली की नशीबही जाईल, मग त्याला मोकळा कर. तुमचा लेक तुमचा हात धरून तसाच बसून राहिला. लोकांनी दोनदा म्हटलं, चला मास्तर. मग उठले. खांदा दिला तो तुमच्या पोरानं, मामी. सोमारीच्या नाही.

आता माझ्या प्रश्नाकडे येते. तेरवीला सगळे जेवून बसले होते. कोतवाल ह्यांना म्हणाला की आता तर बंधन सुटलं, म्हणशील तर पोरीच्या मधल्या नावाचं बघू, अर्ज करता येतो. मला वाटलं उमाकांत परत येतो की काय. तुमचा लेक उठला आणि सोमारीबाईसमोर जाऊन उकिडवा बसला. मी कान टवकारले. त्यानं तेच विचारलं, मामी, जे मला विचारायचं होतं! म्हणाला की मायनं माझं काहीतरी नाव मनात ठेवलं असेलच. उकंड्यावर ठेवायच्या आधी. तुला माहीत असेल तर सांग, तेच पोरीच्या मधे लिहितो.

सोमारीबाईनं काठी मांडीवर आडवी ठेवली. म्हणाली, होतं. तुला सुपात घेतलं तेव्हा तिनं माझ्या कानात सांगितलं होतं, एकीला तरी ठाऊक असावं म्हणून. आणि म्हणाली होती की ऐकलंस ना, आता विसरून जा.

"मंग?"

"इसरली रे बापा."

खरंच विसरली का, मामी? मी तिचे डोळे बघत होते आणि मला काही सांगता येत नाही. ती म्हातारी झाली आहे, विसरलीही असेल. किंवा तुम्ही तिच्याकडून असं काही वचन घेतलं असेल की तुमच्या मागेही ती ते मोडणार नाही. तुम्ही दोघी कुठल्या मातीच्या होता ते मला कळलेलं नाही. वत्सलाच्या कानात ते असेल, पण तिला कुठून आठवणार? मी काल तिला मांडीवर घेऊन उगीच विचारलं की आजीनं काय सांगितलं होतं. ती म्हणाली, "भात." तिला सगळ्याचं उत्तर भात आहे. तुमचीच नात.

एवढं तरी सांगून जायचं होतं तुम्ही. रागावून म्हणते आहे, खरोखर रागावून. लेकाला न देता नातीच्या कानात ठेवलंत आणि चावी घेऊन गेलात. आणि तरी मला असंही वाटतं की त्या नावानं तुम्ही एकट्याच त्यांना हाक मारत असाल. गोठ्यात, बांधीत, ते शाळेत गेलेले असताना, कोणी ऐकत नसताना. मारत होता का?

आज दुपारी ते शेतावरून आले. घरात मी आणि वत्सला, बाकी कोणी नाही. चुलीजवळची तुमची जागा रिकामी. मला काय सुचलं कोण जाणे, मी पाट मांडला, तांब्या भरून ठेवला, पदर पुढे ओढला आणि म्हटलं, "या पाव्हणे, बसा. नाव काय म्हनता?"

ते जागेवरच उभे राहिले. मला वाटलं चिडतील, किंवा रडतील. मग हात धुतले, पाटावर बसले, आणि माझ्याकडे न बघता तुमच्या जागेकडे बघून म्हणाले,

"उकंडा. भागरथाचा."

मी भात वाढला. त्यावर दोनदा तूप घातलं.